भूमध्य सागराकाठची शतपावली

मार्च-एप्रिल उजाडला की दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारची मंडळी येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. त्यांना युरोपच्या सहलीला जायचे असते आणि ‘प्रकृती प्रवासास योग्य’ असा दाखला हवा असतो. वय साधारण पंचावन्न ते सत्तर. एकाला रक्तदाब, दुसऱ्याला साखर, क्वचित कुणाची अँजिओप्लास्टी झालेली. सहलीचा कागद मी मुद्दाम मागून घेऊन वाचतो. पंधरा दिवसांत नऊ देश. रोज पाच-सहा तास बस. सकाळी हॉटेलात पाव-लोणी-जाम, रात्री कुठल्या तरी भारतीय उपाहारगृहात पनीर, नान आणि वर गुलाबजाम. चालणे म्हणजे बसपासून फोटो काढण्याच्या जागेपर्यंत! परत आल्यावर यांच्यापैकी अनेकांची उपाशीपोटीची साखर चढलेली असते, पावलांवर सूज असते, आणि सहल छान झाली म्हणून ते मला पेढे देतात.

वाचकहो, सहलीला माझा विरोध नाही. माणसाने आयुष्यभर नोकरी केली, मुलांची शिक्षणे-लग्ने पार पाडली, आता गाठीशी चार पैसे आहेत, तर त्याने जग जरूर पाहावे. पण माझे मत असे, की आपल्या वयाच्या आणि आपल्या व्याधींच्या माणसाने नऊ देश पाहण्याऐवजी एका देशातला एक तालुका पाहावा, आणि तो पायी पाहावा. रोज आठ-दहा किलोमीटर, घाई न करता. दुपारी झाडाखाली शिदोरी, संध्याकाळी गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत दोन तास चाललेले जेवण. युरोपात अशा सुट्या वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. आपली मोठी बॅग खाणावळवाला किंवा सहल आखून देणारा माणूस मोटारीने पुढच्या मुक्कामी पोचवतो. आपल्या पाठीवर फक्त पाणी, छत्री, औषधे आणि फळे. पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि वारकरी मागून चालत येतात, तशीच ही व्यवस्था समजा.

यासाठी भूमध्य सागराकाठचा प्रदेश मी सुचवतो, आणि त्यातही इटलीच्या दक्षिणेकडचा चिलेंतो. नेपल्सहून रेल्वेने सालेर्नोच्या पुढे गेले की समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये हा मुलूख पसरलेला आहे. १९९१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९८ साली युनेस्कोच्या वारसा यादीत तो आला. आम्ही उभयता २०२३ च्या ऑक्टोबरात तेथे सहा दिवस चाललो. रोम नाही, व्हेनिस नाही, पिसाचा मनोरा नाही. नातेवाइकांना फार वाईट वाटले.

चिलेंतोच का, याला वैद्यकीय कारण आहे. येथे प्योप्पी नावाचे एक लहानसे किनाऱ्यावरचे खेडे आहे. अँसल कीज हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट, ज्या स्वतः जीवरसायनतज्ज्ञ होत्या, या गावी घर बांधून कित्येक वर्षे राहिले. कीज यांनी १९५८ साली सात देशांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, जपान आणि तेव्हाचा युगोस्लाव्हिया येथील चाळीस ते एकोणसाठ वयाच्या जवळजवळ पावणेतेरा हजार पुरुषांचा आहार, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे ठेवली. फिनलंड व अमेरिकेत हृदयविकाराने माणसे पटापट जात होती; ग्रीसच्या क्रीट बेटावर मात्र असे मृत्यू अगदी कमी होते. त्यातून ‘भूमध्यसागरी आहार’ हा शब्द जगभर गेला. या अभ्यासावर टीकाही पुष्कळ झाली, देश निवडले कसे इथपासून. आणि ती सगळीच चुकीची नाही. कीज स्वतः २००४ साली शंभर वर्षांचे होऊन वारले, एवढे मात्र त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागते.

आता या आहाराचे आपल्याकडे काय झाले? एक बाटली झाली. ऑलिव्ह तेलाची. जिल्ह्याच्या गावातही ती आता किराणा दुकानात मिळते, आणि मधुमेहाचा रुग्ण मला अभिमानाने सांगतो, ‘डॉक्टरसाहेब, आता भजीसुद्धा ऑलिव्हमध्येच तळतो.’ भजी ती भजीच! कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅमला नऊच उष्मांक. करडई असो, शेंगदाणा असो वा इटलीहून आलेले ऑलिव्ह.

तेलाला गुण नाही असे मी म्हणत नाही. स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर झालेला प्रेडिमेड नावाचा मोठा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. गट पाडताना काही ठिकाणी चुका झाल्याचे आढळल्याने तो मागे घेऊन २०१८ साली नव्याने आकडेमोड करून पुन्हा छापावा लागला, तरी निष्कर्ष जवळपास तोच राहिला: ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदामासह भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना सुमारे तीस टक्क्यांनी कमी. त्या प्रयोगात चालण्याचा आग्रह नव्हता. म्हणजे आहाराला स्वतंत्र गुण आहेच. पण तो आख्ख्या ताटाचा गुण आहे, आणि ते ताट ज्या माणसांनी तयार केले त्यांचे पाय आपण हिशेबात धरत नाही.

चिलेंतोतली गावे पाहा. बहुतेक जुनी गावे डोंगरावर आहेत. प्योप्पी समुद्राला लागून, पण ते ज्या पोल्लिका गावाच्या हद्दीत येते ते पोल्लिका वर, कड्यावर. याचे कारण सृष्टिसौंदर्य नव्हे. किनाऱ्यावर चाचे येत, आणि नदीकाठच्या सखल जमिनीत मलेरिया होता. ग्रीकांची अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन भव्य देवळे जेथे आजही उभी आहेत ते पेस्तुम शहर ओस पडण्यामागेही दलदल आणि मलेरिया ही कारणे सांगितली जातात. माणसे वर राहिली, शेते खाली आणि उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची. म्हणजे शेतकरी रोज दोन-तीनशे मीटर उतरायचा आणि संध्याकाळी ओझे घेऊन तितकाच चढायचा. कीज यांनी येथे राहून जी पिढी पाहिली, ती ही पिढी. डासांच्या भीतीने तिला जन्मभर व्यायाम घडला. त्या ताटातले तेल आपण बाटलीत भरून आणले. ती चढण आणता आली नाही.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. चिलेंतो ज्या कांपानिया प्रांतात आहे, त्याच प्रांतात आज इटलीतल्या लठ्ठ मुलांचे प्रमाण सर्वाधिक असणाऱ्यांपैकी एक आहे. तोच समुद्र, तेच तेल, तेच टोमॅटो. पण मुले मोटारीतून शाळेत जातात, बाटलीतले गोड पेय पितात आणि घरी येऊन बसतात. २०१० साली युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला, तेव्हा तो निव्वळ पाककृतींना दिला नव्हता; पिकवणे, मासेमारी, एकत्र बसून जेवणे, शेजारधर्म हे सगळे त्यात धरले होते. वारसा यादीत चढतो आणि घरातून उतरतो, असे बऱ्याच गोष्टींचे होते.

म्हणून हा आहार समजून घ्यायचा तर तो चालून, भूक लावून, त्याच्या गावी खावा. आम्ही पहिल्या दिवशी कास्तेल्लाबातेच्या खालच्या सान मार्को बंदरापासून पुंता लिकोसाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या गावी गेलो. सहा-सात किलोमीटरची, बहुतांशी सपाट वाट. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पाइनची झाडे. आमच्यासारख्या नवशिक्यांना अगदी योग्य. पुढच्या दिवसांत चढ वाढत गेले. ऑलिव्हच्या बागांत झाडांखाली जाळी पसरायला सुरुवात झाली होती. पिशोत्ताकडची ऑलिव्हची झाडे इतकी जुनी व धिप्पाड आहेत, की आपल्याकडच्या वडाची आठवण व्हावी.

आणि रात्रीचे जेवण! ‘तिकडे शाकाहारी माणसाने खायचे काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. या मुलुखात तरी तो पडत नाही. येथील गरिबांचे जेवण कडधान्यावर उभे होते. चिचेराले नावाचे एक गाव तर हरभऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे, गावाच्या नावातच हरभरा आहे. ‘लागाने ए चेची’ म्हणजे रुंद पट्ट्यांचा घरी लाटलेला पास्ता आणि काबुली हरभरे, वर लसूण व तेल. आपली वरणफळे खाणाऱ्याला हा पदार्थ परका वाटणार नाही. ‘चांबोत्ता’ म्हणजे वांगी, बटाटे, ढोबळी मिरची, टोमॅटो यांची एकत्र शिजवलेली भाजी. ‘आक्वासाले’ म्हणजे कडक शिळा पाव पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, मीठ, तेल. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणाऱ्याला याचे मर्म लगेच कळेल. काही गावांत मे महिन्याच्या पहिल्या तारखेला घरात उरलेली सगळी कडधान्ये आणि गहू-मका एकत्र शिजवतात. त्याला ‘चिच्ची मारिताती’ म्हणतात. सौ.ना ऋषिपंचमीच्या भाजीची आठवण झाली. चव निराळी, पण घरातले थोडे थोडे सगळे एका भांड्यात घालण्याची बुद्धी तीच.

शाकाहारी वाचकांनी मात्र ऑर्डर देतानाच ‘सेंझा कार्ने, सेंझा पेश्शे’ म्हणजे मांस नको, मासे नको, असे स्पष्ट सांगावे. भाजीत नेसतेच खारवलेल्या माशाचा तुकडा चवीला पडलेला असतो, आणि डाळीत डुकराची चरबी असू शकते. चीजमध्येही बहुधा वासराच्या जठरातले विरजण असते. ज्यांना हे अजिबात चालत नाही त्यांनी जाण्यापूर्वीच ठरवावे. तेथे जाऊन रोज खिन्न होऊ नये.

जेवण वाढण्याची रीत डॉक्टराच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. आधी भाज्यांचे तुकडे, ऑलिव्ह, थोडे चीज. मग पास्ता, पण आपल्याकडे ताट भरून भात घेतात तसा नव्हे, बेताचा. मग दुसरे काही, पालेभाजी, शेवटी फळ. दोन पदार्थांच्या मध्ये बराच वेळ. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला तो निरोप हात धुतल्यावर मिळतो. पास्ताही ते किंचित कणीदार ठेवतात. असा पास्ता मऊ शिजवलेल्यापेक्षा साखर सावकाश वाढवतो. सोबत हरभरा असेल तर आणखी सावकाश. टेबलावर पावाची टोपली येते, ती मात्र मधुमेह्याने शेजाऱ्याकडे सरकवावी.

जेवणानंतर गाव रस्त्यावर येते. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, तरुण पोरे, सगळे चौकापासून समुद्रापर्यंत आणि परत, गप्पा मारत. याला ते ‘पास्सेज्जाता’ म्हणतात. आपण शतपावली म्हणत होतो. म्हणत होतो असेच लिहावे लागते, कारण ती जागा आता दूरचित्रवाणी आणि मोबाइलने घेतली आहे. मध्ययुगात युरोपातील अग्रगण्य वैद्यकशाळा याच भागात, सालेर्नोला होती, आणि तिच्या नावाने चालत आलेल्या आरोग्यनियमांत जेवणानंतरच्या वागण्याचा विचार आहे. आपल्या आयुर्वेदातही आहे. आधुनिक शास्त्राने कारण दिले. चालताना पायांचे मोठे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे चालले, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. माझ्या मीटरवर मी हे सहाही रात्री पाहिले. ज्या रात्री पाऊस पडला आणि आम्ही खोलीतच बसलो, त्या रात्रीचा आकडा सर्वांत वाईट होता. एका माणसाचा एक आकडा म्हणजे पुरावा नव्हे, पण रुग्णाला पटवायला तो फार उपयोगी पडतो.

‘हे श्रीमंतांचे चोचले झाले, डॉक्टर’ असे काही वाचक म्हणतील. खर्च आहेच. विमानाचे तिकीट कुणाला चुकत नाही. परंतु नऊ देशांच्या सहलीला जो पैसा मोजणार आहात, त्याच पैशाविषयी मी बोलतो आहे. शेतावरच्या निवासाला तिकडे ‘आग्रितुरिज्मो’ म्हणतात. त्यासाठी इटलीने १९८५ सालीच कायदा केला. शेतकऱ्याच्या घरी राहायचे, त्याच्याच मळ्यातले खायचे. शहरातल्या हॉटेलापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते, आणि पैसा शेतकऱ्याच्या हाती जातो.

आता दाखला मागायला येणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. ज्यांना चालताना छातीत दुखते, ज्यांचा हृदयविकाराचा झटका ताजा आहे, ज्यांच्या पायाला जखम आहे किंवा तळव्यांची संवेदना गेली आहे, त्यांना मी असा दाखला देणार नाही. वाईट वाटले तरी चालेल. बाकीच्यांनी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून चालण्याच्या दिवसांचे डोस लिहूनच घ्यावेत. रोज दोन किलोमीटर चालणारा माणूस एकदम दहा चालू लागला की साखर घसरते, आणि कधी कधी ती दुपारी न घसरता मध्यरात्री घसरते. तिकडे रात्रीचे जेवण आठ-साडेआठच्या आधी क्वचितच मिळते, हेही गोळीच्या वेळेत धरावे. खिशात ग्लुकोज किंवा तीन चमचे साखरेची पुडी असावी, आणि ती कुठे आहे हे सोबतच्या माणसाला ठाऊक असावे. ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात कधीही टाकू नये.

वाइनबद्दल विचारणारे पुष्कळ. ‘हृदयाला चांगली असते ना?’ जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. जे घेत नाहीत त्यांनी औषध म्हणून सुरू करू नये. जे घेतात ते माझे ऐकणार नाहीत. त्यांनी निदान रिकाम्या पोटी घेऊ नये, कारण साखरेच्या गोळ्यांवर ती घातक ठरते.

वसंतात गेलात तर फावा नावाच्या हिरव्या शेंगांचे कोवळे दाणे कच्चेच खायला देतील. ज्यांना जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता आहे त्यांच्या तांबड्या पेशी या दाण्यांमुळे फुटतात आणि कावीळ होते. भूमध्य सागराकाठी हा दोष बराच आढळतो, आपल्याकडेही काही समाजांत आहे. घरात कुणाला औषधाने अशी कावीळ झाली असेल तर तपासणी करून मगच निघावे.

व्हिसासाठी तीस हजार युरोंचा आरोग्यविमा लागतोच. पण त्यात पूर्वीपासूनचे आजार धरले आहेत का, हे बारीक अक्षरांत वाचावे. फार थोडे लोक वाचतात. तिकडचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक ११२. जुलै-ऑगस्टचे ऊन आणि गर्दी टाळून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा.

राहिले गुडघे. चढाला दम लागतो म्हणून सगळे चढाला भितात. गुडघे मात्र उतारावर दुखतात. उतरताना देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यांच्यावर येतो, आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळे. दोन हातांत दोन काठ्या घ्याव्यात, लाज वाटू देऊ नये. निघण्याच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून पाच दिवस चालावे, आणि त्यातले दोन दिवस टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढाव्यात व सावकाश उतराव्यात. लिफ्ट असलेल्या इमारतीत राहत असाल तर तीही सोय आहेच. नवे बूट घालून तिकडे जाऊ नये. एप्रिलात निघायचे असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बूट घ्यावेत. ते संध्याकाळी घ्यावेत, कारण तेव्हा पाऊल किंचित फुगलेले असते. दुकानात जाताना जाड मोजे सोबत न्यावेत.